कर्जाचा हप्ता आणि निवृत्तीचं वय

प्रश्न : मुलीला बंगळुरूच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळतोय. दहावीपासून तिच्या डोक्यात तेच कॉलेज आहे. हॉस्टेल-मेससकट चार वर्षांचा खर्च २४ लाख. आमची बचत ४ लाख. उरलेले २० लाख बँक १०.५ टक्क्यांनी द्यायला तयार आहे, पण राहतं घर तारण मागते. यांचं वय ५३, खासगी नोकरी, वर्षाचं उत्पन्न साडेसात लाख. आम्ही ओबीसी. कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) नेरूळच्या कॉलेजात हीच ब्रँच मिळतेय. काय करावं?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : हे कर्ज २० लाखांचं राहत नाही. दरवर्षी ५ लाख उचलले आणि शिक्षण व त्यानंतरचं एक वर्ष काहीच भरलं नाही, तर सरळव्याजानेच ७ लाख ३५ हजार चढतात. हप्ता सुरू होतो २७ लाख ३५ हजारांवर. दहा वर्षांच्या मुदतीला तो महिना सुमारे ३६,९०० रुपये बसतो, पंधरा वर्षांच्या मुदतीला सुमारे ३०,२००. मात्र पंधरा वर्षांत एकूण भरणा ५४ लाखांच्या वर जातो.

आता वय बघा. पहिला हप्ता येईल तेव्हा मुलीचे वडील ५८ वर्षांचे असतील, म्हणजे बहुतेक खासगी नोकऱ्यांतलं निवृत्तीचं वय. कर्ज मुलीच्या नावावर असलं तरी ते सहकर्जदार आहेत. हप्ता थकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) बिघडतो, आणि तारण तर राहतं घरच आहे. मुलीला ६ लाखांचं पॅकेज मिळालं तर हातात महिन्याला साधारण ४२ ते ४५ हजार येतील. त्यातून ३७ हजार हप्ता गेल्यावर ती बंगळुरूत भाडं कशातून भरणार?

कॉलेजच्या जाहिरातीतलं सर्वात मोठं पॅकेज विसरा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो) किती, हे जाहीर करावं लागतं. ती पीडीएफ उघडून तेवढे तीन आकडे वाचा. आमचा ठोकताळा असा: एकूण कर्ज त्या मध्यक वार्षिक पगाराच्या वर जाऊ नये.

नेरूळची बाजू तुम्ही धरलेलीच दिसत नाही. २०२४-२५पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा, खासगी आणि अभिमत विद्यापीठं यांना ही सवलत नाही. डेव्हलपमेंट फी वगैरे भरावी लागेलच, पण ती तुमच्या ४ लाखांच्या बचतीतून भागायला हवी. जायला-यायला ट्रान्स-हार्बर लोकलचा पास पुरतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला यांसाठी आजच अर्ज टाका. दाखला वेळेत न मिळाल्यानेच अनेकींची सवलत अडते. नंतर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, आणि तो दरवर्षी नव्याने करावा लागतो.

म्हणून आमचं उत्तर: या आकड्यांना बंगळुरू नको. स्वप्न पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवा. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एमटेकला गेली तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) महिना १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. हा हिशेब मुलीसमोर, तिच्याच हाताने कागदावर मांडा. नुसता 'नाही' ऐकवलात तर ती वर्षभर धुसफुसत राहील, आणि ते बरोबरच म्हणावं लागेल.

तरीही तिकडेच जायचं ठरलं, तर विद्यापीठ पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते आधी पाहा. यादीतल्या संस्थेला तारण आणि जामीनदार लागत नाही, शिवाय ८ लाखांच्या आतल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. यादीत नसेल आणि घर सिडकोच्या लीजवर असेल, तर तारणासाठी बँक सोसायटीबरोबर सिडकोचीही एनओसी (ना-हरकत दाखला) मागते. फी भरायच्या तारखेआधी ती हातात पडेल असं धरून चालू नका. आणि शिकतानाच दरमहा व्याज भरत जा: पहिल्या वर्षी सुमारे ४,४००, चौथ्या वर्षी १७,५००. ते झेपत नसेल, तर पुढचा हप्ताही झेपणार नाही.

प्रश्न : शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यावर करसवलत किती मिळते?
— एक वाचक, कोलशेत

उत्तर : आयकरात (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०ई) सवलत फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. रकमेला मर्यादा नाही, पण सवलत व्याज भरायला लागलेल्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षं, आणि तीही जुन्या करप्रणालीतच. नवी प्रणाली निवडली असेल तर काहीच मिळत नाही.