'निंजा योद्धा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे : 'सामुराई योद्धा' आणि 'निंजा योद्धा' हे दोन्ही शब्दप्रयोग मराठीत सर्रास दिसतात. ते बरोबर आहेत का, आणि निंजाला चपखल मराठी शब्द कोणता?

सामुराईला 'योद्धा' जोडलं तर फार तर पुनरुक्ती होईल. निंजाला जोडलं की अर्थच फिरतो.

जपानी 'साबुराउ' म्हणजे दिमतीला असणं. त्यावरून साबुराई, मग सामुराई. सुरुवातीला हे लोक बड्या घराण्यांच्या तैनातीतले. लढवय्या हा अर्थ मागाहून चिकटला. आपल्याकडे 'हुजूर'वरून 'हुजरात' (धन्याच्या खास दिमतीची फौज) झाली, तशीच ही वाटचाल. नुसतं लढवय्या म्हणायचं तर जपानीत 'बुशी' आहेच. त्यांची मूळ विद्याही घोड्यावरून तिरंदाजीची. तलवारीचं माहात्म्य नंतर वाढलं. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि मोठ्या लढाया जवळजवळ संपल्याच. पुढची अडीच शतकं बहुतेक सामुराई कारकुनी आणि पहारे करत होते. पगार तांदळात, 'कोकु'च्या मापानं. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर. खालच्या दर्जाचे कित्येक जण घरी छत्र्या बनवून संसार भागवत. कमरेच्या दोन तलवारी उरल्या त्या दर्जाची खूण म्हणून, आणि त्या मिरवायलाही १८७६ च्या हुकुमानं बंदी आली.

'निंजा' हा शब्द मात्र त्या काळी फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. तो लिहायची दोन चित्राक्षरं चिनी वळणानं वाचली की निंजा, जपानी वळणानं वाचली की 'शिनोबी नो मोनो'. दुसऱ्या महायुद्धानंतर कादंबऱ्या-सिनेमांनी पहिलं वाचन रूढ केलं. जुन्या कागदांत भेटतो तो शिनोबी, किंवा कुठे 'राप्पा', 'सुप्पा', कुठे चक्क 'कुसा', म्हणजे गवत! १६०३ साली नागासाकीला जेझुइटांनी (ख्रिस्ती मिशनऱ्यांचा एक पंथ) छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशातही शिनोबीच आहे, लपूनछपून किल्ल्यात शिरणारा हेर या अर्थानं. (जेझुइटांचं छापयंत्र १५९० मध्ये जपानला पोचलं ते गोव्यावरून.) मूळ क्रियापद 'शिनोबु'. त्यात दम धरणं आणि दबा धरणं हे दोन्ही अर्थ आहेत, आणि या धंद्याला दोन्ही लागतात.

सिनेमातल्या निंजाचा काळा पोशाख आणि बुरखा काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या रंगमंचावरून आला असावा. तिथे काळ्या कपड्यांतले मदतनीस सामान उचलतात, आणि ते दिसतच नाहीत असं प्रेक्षकांनी धरून चालायचं असतं. खऱ्या हेरानं काळा बुरखा घालून हिंडणं म्हणजे स्वतःच दवंडी पिटणं. १६८१ च्या 'शोनिनकी' या हेरविद्येच्या पोथीत सात सोंगं सांगितली आहेत. त्यांत बौद्ध भिक्षू, व्यापारी, खेळ करणारे डोंबारी-गारुडी आणि साधा माणूसही आहे. सोंग वठलं तरी भागत नसे. शिमाबाराच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बंडात (१६३७-३८) कोगा या हेरांसाठी नावाजलेल्या मुलखाचे लोक बंडखोरांच्या हारा किल्ल्यात शिरले, पण बंडखोरांची क्यूशू या दक्षिणेकडच्या बेटाची बोली आणि ख्रिस्ती शब्द त्यांना उमगेनात. भाषेवर प्रेम करणाऱ्याला यापेक्षा चांगला किस्सा कुठून मिळणार?

'सामुराई विरुद्ध निंजा' हा सामनाही म्हणूनच लटका. सामुराई हा दर्जा, शिनोबी हे काम. एकच माणूस दोन्ही असू शके. इगा या हेरांच्या दुसऱ्या नावाजलेल्या मुलखातल्या माणसांचा म्होरक्या हात्तोरी हान्झो (मुलांच्या कार्टूनमुळे हे आडनाव घराघरांत पोचलंय) स्वतः तोकुगावा इएयासुच्या (पुढे जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, झालेला सरदार) पदरचा सामुराई होता. टोकियोतल्या राजवाड्याचा एक दरवाजा आजही हान्झोमोन म्हणून ओळखला जातो.

तेव्हा इतिहासाबद्दल लिहिताना 'शिनोबी' किंवा सरळ 'हेर' लिहावं. 'जासूद' जवळचा वाटतो, पण मराठेशाहीच्या कागदांत तो बहुधा पत्रं पोचवणारा असतो. सिनेमातल्या, भिंतींवर चढणाऱ्या पात्राला 'निंजा' खुशाल म्हणा. रूपं 'काका'सारखी चालवावीत : निंजाने, निंजाला, 'निंज्याने' नको. सामुराईचं अनेकवचन 'हत्ती'सारखं, तसंच राहतं.