आज रविवार नाही

खुर्चीत नीट बसायच्या आधीच सुनंदाताईंनी (नाव बदललंय) लेकीची वेणी बाजूला सारून मानेवर अंगठा ठेवला. "मॅडम, इथे. हरभऱ्याएवढी लागते बघा." आठ वर्षांची पोर अंग चोरून उभी.

बालरोगतज्ज्ञांनी दोनदा तपासलं होतं. डोक्यात उवा, खाजवून झालेल्या जखमा, त्यात पू, म्हणून मानेमागची गाठ सुजलेली. औषधाने जखमा भरल्या. गाठ तेवढी राहिली आणि ताईंची झोप उडाली. शेवटी डॉक्टरांनीच समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

'काही नाही, काळजी करू नका' हे वाक्य मी टाळते. ते ऐकून ऐकूनच माणसं माझ्यापर्यंत पोचलेली असतात. मी विचारलं, "लहानपणी पायाला काटा लागून पिकलं, की जांघेत काय यायचं?"

"अवधाण," त्या पटकन म्हणाल्या. "जखम बरी झाली की बसायचं."

हेही तसंच. रक्तवाहिन्यांसारखं अंगात लसीकेचंही जाळं असतं. पेशींभोवती झिरपलेलं पाणी ते गोळा करून पुन्हा रक्तात सोडतं. त्याला हृदयासारखा पंप नाही, आपल्या हालचालीने आणि श्वासाने ते पुढे सरकतं. वाटेत जागोजाग गाठी, सगळ्यांनाच, अंगभर काही शे. जखमेतले जंतू याच वाटेने मानेच्या गाठीत येतात. तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना तो जंतू ओळखता येतो, त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत वाढतात. गाठ फुगते ती त्यामुळे. जंतू संपले तरी ती ओसरायला आठवडे जातात, मुलांमध्ये कधी महिनेही.

"दिवसातून किती वेळा बघता?"

"वीसेक वेळा."

दाबून दाबून गाठ दुखरी राहते, आणि दुखली की वाढल्यासारखी वाटते.

ताई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आईलाही मानेतच आली होती. तिने सहा महिने कुणाला सांगितलंच नाही."

यावर समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी ऐकून घेतलं आणि मग हद्द आखून दिली. गाठ वाढतच चालली, दगडासारखी टणक झाली, जागची हलेना, गळ्याच्या हाडाच्या वर आली, किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असं काही दिसलं, तर थेट डॉक्टरांकडे. टीबीची गाठ, जुन्या लोकांची गंडमाळ, आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. एरवी फक्त रविवारी, आंघोळीनंतर एकदा, न दाबता बघायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं.

"आणि आईने मधेच हात लावला तर?" पोरीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तर तू सांगायचं, आज रविवार नाही."

महिन्याने ताईंनी कॅलेंडरचं पान घडी करून आणलं. हरभरा, हरभरा, मसूर, मसूर. मधल्या एका चौकोनात वेड्यावाकड्या अक्षरात: आईने बुधवारी लावला.