सेंट्रल सर्व्हर न ठेवता दहा-बारा रोबोंना कामं वाटायची आहेत. मुंग्या, मधमाश्या, पार्टिकल स्वार्म (पक्ष्यांच्या थव्यावरून काढलेली पद्धत) या अल्गोरिदमांपैकी काय घेऊ?

पार्टिकल स्वार्म सोडूनच दे भाऊ, तो आकडे शोधायला ठीक. डोरिगोचा १९९२ चा मुंग्यांचा अल्गोरिदम पण मुळात रस्ते शोधायचा, लोकं प्राण्याचं नाव दिसलं की सगळं एकाच पातेल्यात घालतात. तुला पाहिजे ते मुंग्यांसारखे कीटक कामं कशी वाटून घेतात त्याचं थ्रेशोल्ड मॉडेल, बोनाबो, थेरोलाझ आणि डेनूबूर्ग यांचं, १९९६ चं. काम पडून राहिलं की त्याची मागणी वाढत जाते, प्रत्येकाचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती मागणी झाली की तो हलतो तो आकडा, वेगळा, आणि काम उचलायची शक्यता म्हणजे मागणीचा वर्ग भागिले मागणी आणि थ्रेशोल्ड या दोघांच्या वर्गांची बेरीज. थ्रेशोल्ड ५ अन् मागणी १० झाली की ८० टक्के. बस.

हे मी पुस्तकातून नाही सांगून राह्यलो. नागपुरात सक्करदऱ्यात आमचं कूलर रिपेअरिंगचं दुकान, पाच पोट्टे कामाला. फोनवर दादा बसायचा अन् कोण कुठं जाईल ते तोच ठरवायचा, मी फायनल इयरला होतो तेव्हापासून म्हणत होतो की हे सगळं एका डोक्यावर नको, तर तो म्हणे तुझ्या मुंग्या कॉलेजातच ठेव. मग एका मे महिन्यात त्यालाच ऊन लागलं, तीन दिवस आडवा. पोट्टे पायरीवर बसलेले, "दादा सांगन तसं करू", अन् वहीत २६ तक्रारी. त्या रात्री मी पाचही फोनवर हे फॉर्म्युलावालं टाकलं, तक्रारींचा बोर्ड सगळ्यांना दिसेल असा, वाटणारा कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी आमचा वाइंडिंगवाला मिस्त्री, जो वूडवूलच्या पॅडला हात लावत नाही, तो स्वतःहून मानेवाड्याला पॅड बदलायला गेला, कारण ती तक्रार चार तास पडून होती. कीटकशास्त्रज्ञ विल्सननं १९८४ मध्ये फायडोल नावाच्या मुंग्यांत हेच पाहिलं होतं, लहान मुंग्या कमी केल्या तर मोठ्या डोक्याच्या मुंग्या पिलं सांभाळायला लागल्या.

दादा मात्र प्रत्येक लग्नात एकच किस्सा सांगतो, प्रतापनगरात एका पंपासाठी दोघं पोचले अन् काकू म्हणाल्या, "दोघांचे पैसे देऊ काय?" त्या २६ तक्रारींचं नाव नाही काढत.

हां, एक राह्यलं. तुझं नेटवर्क भरवशाचं असेल तर मुंग्या कशाला, बोली लावायची पद्धत घे, म्हणजे कामासाठी रोबोच बोली लावतात, तिचं कॉन्ट्रॅक्ट नेट १९८० पासून आहे, वाटप बहुतेक जास्त चांगलं होईल. थ्रेशोल्डमध्ये सर्वात चांगल्या वाटपाची गॅरंटी नाही. आणि सगळ्यांचे थ्रेशोल्ड जवळजवळ ठेवू नको, काम घेण्याआधी प्रत्येकाला काही सेकंद रँडम थांबव अन् बोर्ड परत पाहायला लाव. काकूंकडे मी तेच विसरलो होतो.