पाथ : पत्ता, वाट की यादी?

कोथरूडच्या एका अनुवादिकेने विचारलं आहे : युनिक्स या संगणकप्रणालीच्या एका माहितीपुस्तिकेत, आपल्या यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरचा प्रोग्रॅम सुरू कसा करायचा याचं प्रकरण आहे. त्यातल्या 'पाथ' (path) या इंग्रजी शब्दाला मी सगळीकडे 'पथ' लिहिलं. वाक्य झालं, 'दूरस्थ अनुप्रयोगाच्या प्रारंभासाठी पथ संरूपित करा'. हे चालेल का?

माझ्या मते नाही. 'पथ' मराठीत सुटा फारसा फिरत नाही. पदपथ, पथदिवे, पथनाट्य अशा जोडशब्दांतच तो दिसतो. पण खरी अडचण वेगळी आहे. 'पाथ' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'पथ' लिहिलं की तिन्ही एकमेकींत मिसळतात.

पहिली गोष्ट, फाइल कुठे आहे हे सगळ्यांत वरच्या फोल्डरपासून, म्हणजे मुळापासून, सांगणारा पूर्ण पाथ. हा सरळ सरळ पत्ता आहे. फरक एवढाच, की आपण पाकिटावर घर क्रमांक, वाडा, नारायण पेठ, पुणे असं लहानाकडून मोठ्याकडे जातो. युनिक्स पुण्यापासून सुरुवात करून खोलीपर्यंत येतं. दुसरी, आपण उभे आहोत तिथून सांगितलेला पाथ : एक पायरी वर जा, मग अमुक फोल्डरमध्ये शिरा. ही वाट. उभं राहण्याची जागा बदलली की ती चुकते. पत्त्याचं तसं होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत घोटाळ्याची : कॅपिटल अक्षरांतला पाथ (PATH). शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आणि हा पाथ म्हणजे त्याने नावानिशी लक्षात ठेवलेली एक नोंद, त्याचं 'चल'. यात रस्ता मुळीच नाही. अपूर्णविरामांनी वेगळी केलेली ठिकाणांची ती यादी आहे. नुसतं प्रोग्रॅमचं नाव दिलं की शेल डावीकडून एकेक ठिकाण धुंडाळतं आणि जिथे प्रोग्रॅम पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतं. पितळी समई हवी असेल तर आधी तुळशीबाग, तिथे नाही मिळाली तर तांबट आळी, अगदी तसं. हिंजवडीत कामाला असलेली आपली मुलं 'पाथमध्ये टाक' म्हणतात, तेही याच जाणिवेतून. रस्त्यात कोणी काही टाकायला सांगत नाही, यादीत टाकायला सांगतात. म्हणून याला मी 'शोधयादी' म्हणेन.

तुमच्या प्रकरणात हा भेद अगदी कळीचा आहे. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, फक्त एक आज्ञा पाठवली, तर पलीकडचं शेल सहसा लॉगिन शेल, म्हणजे आपण स्वतः लॉगिन केल्यावर सुरू होणारं शेल, नसतं. तुमच्या प्रोफाइल फाइलमध्ये (लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या मांडणीच्या फाइलमध्ये) वाढवलेली शोधयादी ते वाचत नाही. स्वतः लॉगिन करून चालवलेला प्रोग्रॅम नीट चालतो आणि तोच लांबून मागितला की 'कमांड नॉट फाउंड' (आज्ञा सापडली नाही) येतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. शिवाय ठिकाणंही यंत्रागणिक बदलतात : एक्सटर्म हा आज्ञा टाइप करायची खिडकी देणारा प्रोग्रॅम सोलारिस या युनिक्सवर 'ओपनविन'च्या 'बिन' फोल्डरमध्ये असे, जुन्या लिनक्सवर 'एक्स११आर६'च्या 'बिन'मध्ये. अशा वेळी पूर्ण पत्ता देणं हा खात्रीचा उपाय, आणि पुस्तिकेला तेच सांगायचं आहे. तिथे 'शोधयादी' लिहिलंत तर वाचक भलतीच फाइल बदलत बसेल.

'संरूपित करा'ही सोडा, इथे 'लिहा' पुरतं. 'दूरस्थ' विशेषण म्हणून ठीक आहे, पण आज्ञेच्या वाक्यात जड होतं. मी असं लिहीन : 'दुसऱ्या यंत्रावरचा प्रोग्रॅम सुरू करायचा असेल, तर त्या यंत्रावरचा त्याचा पूर्ण पत्ता इथे लिहा.'