बिल इव्हान्स पहिल्यांदा ऐकताय? आधी एवढं करा

लाइव्ह जॅझची सुरुवात पियानोवादक बिल इव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या अल्बमपासून करताय, मस्तच! न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, २५ जून १९६१, रविवार, त्या एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमधून दोन अल्बम निघाले, आणि आजही ते ताजे वाटतात.

- हेडफोन लावाच. मोबाईलच्या स्पीकरवर बेस गायब होतो आणि इथे अर्धा जीव बेसमध्येच आहे. बेसवादक स्कॉट लाफारो नुसता ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो, मध्येच त्याला तोडतो, वर चढतो. फक्त त्याच्या मागे लागून एकदा पूर्ण अल्बम ऐका. या रेकॉर्डिंगनंतर अकरा दिवसांनी तो कार अपघातात गेला, वय फक्त २५, म्हणून हे जास्तच आत लागतं.
- ग्लास खणखणतात, लोक गप्पा मारतात, त्याला खराब रेकॉर्डिंग समजू नका, थोड्या वेळाने तुम्हीही त्याच टेबलांमध्ये बसलेले असता.
- काम करताना बॅकग्राउंडला लावू नका, नवीन लोकांची ही नेहमीची चूक.
- सगळे जादा टेक (त्याच गाण्याची पुन्हा केलेली रेकॉर्डिंग) एकदम ऐकत बसू नका, कंटाळा येईल.

थिअरी, कॉर्ड वगैरे नंतर बघू. आज याच अल्बममधलं 'माय फूलिश हार्ट' लावा आणि ड्रमर पॉल मोशनच्या ब्रशकडे (ड्रमवर काठीऐवजी फिरवतात तो) कान द्या.