बोर्डासमोर 'बरं हाय' म्हणू नका

ताई, प्रश्न वाचला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला तुमचा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनवर कामाला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली, मनगट पुरतं वळत नाही. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर 36 टक्के पडले आणि 40 च्या खाली म्हणून अंगविकल पगाराचा, म्हणजे अपंगांना सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनचा अर्ज नाडकचेरीतून (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून) परत आला. तपासणी तीन-चार मिनिटांत उरकली, प्रश्न कन्नडमधून होते, त्याला निम्मे उमगले नाहीत. आता हे टक्के येतात कुठून आणि बदलून मिळतात का, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः पोलिओचा. पंधरा वर्षांहून जास्त काळ गावातल्या माणसांबरोबर बोर्डाला, म्हणजे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांकडं जातोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भावाला एक विचारा. खोलीत डॉक्टरांनी "कसं आहे?" म्हटल्यावर तो काय म्हणाला? मला खात्री आहे, "बरं हाय ओ डॉक्टर" म्हणाला असणार. आपल्याकडं मोठ्या माणसासमोर रड गाऊ नये, असंच शिकवतात. येळ्ळूरचा काय, कणकुंबीचा काय, आपला माणूस पडला तरी "काय नाही, काय नाही" म्हणत उठतो. घरात, शेतात ते शोभतं. तपासणीच्या खोलीत त्यानं टक्के जातात.

एका गवंड्याबरोबर मी गेलो होतो. खांद्यापासून हात लुळा पडलेला. "हात वर करा" म्हटल्यावर त्यानं दात आवळून, खांदा उडवून, अख्खं अंग एका बाजूला टाकून हात वर नेला. डॉक्टरांनी मान हलवून लिहिलं. तपासणीसाठी शर्ट काढला होता तो हातात घेऊनच गडी बाहेर आला. दाराबाहेर बाकड्यावर बसला आणि बायकोनं खाली वाकून एकेक बटण लावलं, वरपासून खालपर्यंत. आत काय चाललंय याची तिला कल्पना नव्हती, कारण तिला आत घेतलंच नव्हतं. ती पाच बटणं आत लावली असती, तर कागद वेगळा झाला असता. हे मी मनाचं सांगत नाही, बटणं लावणं मोजणीतच आहे.

मोजणी अशी असते. केंद्र सरकारनं 4 जानेवारी 2018 ला राजपत्रात टक्के काढायची रीत छापली आणि मार्च 2024 मध्ये तिच्यात सुधारणा केली. त्या रीतीत वरच्या अंगाचे दोन भाग करतात: खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात आणि पंजा. हाताचा भाग बघताना सांधा किती वळतो, स्नायूत किती जोर आहे हे बघतात, आणि त्याबरोबर रोजच्या दहा क्रिया बघायच्या असतात. डोक्यावरची वस्तू उतरवणं, आपल्या पद्धतीनं हातानं जेवणं, केस विंचरणं, शर्ट चढवणं, पेल्यानं पाणी पिणं, बटण लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं, लिहिणं, अशा. प्रत्येकीला 9 टक्के. पंजाचे तीन हिस्से, प्रत्येकी 30 चे: पकड, संवेदना आणि ताकद. पकडीतही बोटाचं टोक अंगठ्याला टेकवणं वेगळं, किल्ली धरणं वेगळं, पेला धरणं वेगळं, चेंडू धरणं वेगळं, बादलीची कडी धरणं वेगळं. कामाचा हात कुठला, याला जादा वजन आहे. भावाचा उजवा गेलाय, म्हणून "उजवा हात कामाचा" एवढे तीन शब्द त्याच्या कागदावर आहेत की नाहीत ते बघाच.

आता सांगा, एवढं सगळं चार मिनिटांत बघून होईल का? डॉक्टरांचा मी शत्रू नाही. सकाळपासून दारात रांग लागलेली असते, आत मोजायला एखादं साधन असतं, कधी तेही नसतं. पण रांग मोठी आहे म्हणून कुणाच्या हाताचा अंदाज बांधून आकडा लिहिणं हा अन्यायच आहे.

बेरजेचीही एक गोम आहे. दोन भागांचे टक्के सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा घ्यायचा, 90 मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणून 90 नं भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा पंजाचे 24 आले आणि मनगटाचे 20. साधी बेरीज 44. सूत्रानं मात्र 66 गुणिले 20 भागिले 90, म्हणजे 14.67, आणि सगळे मिळून 38.67. माणूस 40 च्या आत अडकला. आता संवेदना तपासायचीच राहून गेली होती आणि ती धरून पंजाचे 24 चे 30 झाले, तर एकूण 43.33 होतात. एक तपासणी राहिली म्हणून एका घराचा महिन्याचा पगार गेला, असं इथं अक्षरशः घडू शकतं. 40 हा आकडा 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातला आहे. आपल्या राज्यात पुढं 75 च्या वर गेल्यावर पगाराची रक्कम वाढते, म्हणून तिथंही हीच ओढाताण चालते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तपासणीचा कागद मिळवा. सर्टिफिकेट नव्हे, त्याच्या मागचा, ज्यावर सांधा आणि पकड यांचे आकडे मांडलेले असतात तो. तोंडी मागून बघा. नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज करा. कर्नाटकात फी 10 रुपये, अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. दोन विषय घातले तर अर्ज परत करायला निमित्त मिळतं, म्हणून पगाराचं रडगाणं त्यात नको, फक्त कागद मागा. सर्टिफिकेटवर कुठल्या तारखेच्या सूचनांप्रमाणे टक्के काढले ते लिहायची जागा असते, तीही बघून ठेवा. मोकळी असेल तर तोही अपिलातला मुद्दा.

अपिलाची सोय 2016 च्या त्याच दिव्यांगजन कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. सर्टिफिकेट देणाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर राज्यानं नेमलेल्या अपिलाच्या अधिकाऱ्याकडं जाता येतं. उशीर करू नका. "गरीब आहे, दया करा" असं त्यात लिहू नका. काय मोजलं नाही ते लिहा: संवेदना तपासली नाही, पकडीचे पाच प्रकार बघितले नाहीत, कामाचा हात नोंदला नाही, फेरतपासणी व्हावी. आणि हे मराठीत लिहिता येतं. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मी मात्र मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो. हक्क आपला आहेच, पण वाचणाऱ्यानं त्याच दिवशी वाचावं हेही आपल्याच भल्याचं.

भाषेवर थोडं थांबतो, कारण सीमाभागात सगळ्यात जास्त टक्के इथंच सांडतात. हाताचं व्यंग डोळ्यांना दिसतं तरी. मनाच्या आजाराचं सगळं बोलण्यावर असतं. तिथं चार गोष्टींना 0 ते 4 गुण देतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती वर्षांचा त्याचे गुण वेगळे. एकूण 7 झाले की 40 टक्क्यांची रेघ ओलांडते. एका आईला माझ्यासमोर दुभाष्यानं विचारलं, "पोरगा काम करतो का?" ती म्हणाली, "करतोय की." लिहिलं गेलं, काम करतो. बाहेर आल्यावर मी खोदून विचारलं. पोरगा सकाळी म्हशीला दावणीतून सोडतो आणि तिथंच उभा राहतो, दुपारी आई हाताला धरून आत आणते. तिच्या लेखी म्हैस सोडणं हे काम, आणि ती खोटं बोलली नव्हती. विचारणाऱ्यानं "सोडल्यावर पुढं काय करतो?" एवढं विचारायला हवं होतं. आजाऱ्याची भाषा येणारा, त्याच्या घरचा नसलेला माणूस शेजारी बसवायला काय हरकत आहे? आपल्याकडं ग्रामपंचायतीत अंगविकलांसाठी पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला गावातलं घर न् घर माहीत असतं. त्याला बाहेर उभं करण्याऐवजी आत बसवा, असं मी दर बैठकीत सांगतो.

म्हणून भावाला फेरतपासणीला नेण्याआधी एक पान लिहून काढा. उठल्यापासून झोपेपर्यंत उजव्या हातानं काय होत नाही तेवढंच. भाकरी मोडता येत नाही, डाव्या हातानं जेवतो. तांब्या दोन हातांनी धरतो. चपलेचा पट्टा बहीण लावते. गाडीचा ब्रेक दाबता येत नाही. विडी पेटवायला काडी ओढता येत नाही हेसुद्धा लिहा, लाजू नका. एक गोष्ट वाढवून लिहू नका, कारण एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही बुडतं, आणि खोट्या सर्टिफिकेटांमुळंच खऱ्या माणसाकडं संशयानं बघायची सवय लागलीय. ज्या दिवशी जास्त दुखतं तो दिवसही लिहा. आणि सकाळी गोळी घेऊन, अंग मोकळं करून बोर्डाला जायची आपल्या लोकांची खोड आहे. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चुकवू नका, पण ती घेतल्याचं आत सांगा. मिरजेला किंवा कोल्हापूरला उपचार झाले असतील तर तिथले कागद, ऑपरेशनची चिठ्ठी, फिल्म, सगळं तारखेप्रमाणे लावून न्या.

आता तुम्ही न विचारलेली पण महत्त्वाची गोष्ट. हात कारखान्यात गेलाय ना? मग या 36 टक्क्यांचा नुकसानभरपाईशी संबंध नाही. तिथं 40 ची अटच नाही, आणि शरीराचे टक्के नव्हे तर कमावण्याची ताकद किती गेली ते मोजायचं असतं. भाऊ ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) असेल तर त्यांचं मेडिकल बोर्ड वेगळं, त्याच्यावरचं अपीलही वेगळं. ईएसआय नसेल तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा: आधी तो 1923 चा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आलीय. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा एका हातानं सुतारकी होत नाही म्हणून त्याची कमाईची ताकद 100 टक्के गेली हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 1975 मध्ये मान्य केलं. रस्त्यावरच्या अपघातांच्या खटल्यांतही त्याच कोर्टानं 2010 च्या निकालात हेच सांगितलं की अवयवाचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत, आधी माणूस काय काम करायचा ते बघा. भाऊ प्रेसवर होता, शिपाई नव्हता. त्याच्या पंजाचा हिशेब प्रेसच्या कामाशी लावायला हवा. मालकानं "36 च तर आहेत" म्हणून थोड्या रकमेवर सही मागितली असेल तर ती करू देऊ नका.

बोर्ड सुधारायचं तर काय करावं, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. माझं म्हणणं थोडकं आहे. तपासणीच्या कागदाची प्रत त्याच दिवशी, न मागता हातात द्यावी. 35 ते 40 च्या मध्ये आलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या डॉक्टरांनी नव्यानं मोजावं, कारण तिथं एका रकान्यानं नशीब बदलतं. शिबिरात शंभर माणसं बोलावण्यापेक्षा वीस बोलवा आणि वीसजणांना नीट बघा. लोंढ्याहून पहाटेच्या रेल्वेनं आलेल्या माणसाला "आज नाही, पुढच्या वेळी" म्हणून परत पाठवणं तर आधी बंद झालं पाहिजे. कुबड्या टेकत वरच्या मजल्यावर चढलेले लोक मी पाहिलेत. जिना चढला म्हणजे पाय बरा आहे, असं लिहिलेलंही पाहिलंय.

कागद मिळाला की भावाचं नाव झाकून त्यातले आकडे इथं टाका. पंजाचे किती धरले, मनगटाचे किती, संवेदनेचा रकाना भरलाय का, एवढं दिसलं की अपिलात काय लिहायचं ते मी सांगतो.