बाल्कनीतली काळी धूळ आणि चुंबक

प्रश्न: ताई, आमचा फ्लॅट एबी रोडला (आग्रा-बॉम्बे हायवे) लागूनच आहे, पहिला मजला. सकाळी पुसलेली बाल्कनी संध्याकाळी परत काळी होते. मुलगी अकरा महिन्यांची, घरभर रांगते आणि हात सारखा तोंडात. मिस्टरांनी त्या धुळीवरून चुंबक फिरवलं तर काळे कण चिकटले, ते म्हणतात हेच ते शिसं. सासूबाई म्हणतात उगाच घाबरवू नका, आम्हीपण इथेच मुलं वाढवली. कोणाचं खरं?
– एक आई, इंदूर

उत्तर: मिस्टरांना सांगा, शिसं चुंबकाला चिकटतच नाही. चिकटलं ते लोखंड, म्हणजे ब्रेकचा चुरा, गंज आणि आपल्या माळव्याची काळी माती. ही माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, मुळातच असतं, शिवाय क्रोमियम, निकेल, तांबंही बऱ्यापैकी, त्यामुळे कुणी नुसता आकडा दाखवून 'बघा धुळीत एवढं क्रोमियम' म्हणालं की आधी विचारायचं, शहराबाहेरच्या शेतातल्या मातीत किती निघालं? त्याच्यापेक्षा जास्त जे निघेल ते गाड्यांचं नि कारखान्यांचं. टायर झिजून जस्त येतं, कारण रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात, आणि ब्रेक पॅडमधून तांबं आणि अँटिमनी नावाचा धातू. म्हणून सिग्नलजवळची धूळ जास्त वाईट, तिथे सगळे ब्रेक मारतात ना.

आता सासूबाई. त्यांच्या वेळी तर पेट्रोलमध्येच शिसं होतं, ते देशभरात 2000 साली बंद झालं. पण शिसं सडत नाही की उडून जात नाही, रस्त्याकडेच्या मातीत बसून राहतं आणि खोदकाम निघालं की परत वर येतं, त्यात जुन्या ऑइलपेंटचे पोपडे आणि बॅटरीवाल्यांची दुकानं यांची भर. आणि 'आमची मुलं वाढलीच की' यावर काय बोलणार, शिशाने ताप-खोकला येत नाही हो, लक्ष लागणं, शिकणं, बुद्धी यांवर हळूहळू परिणाम होतो, तो घरच्यांना दिसतही नाही. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही, असं डब्ल्यूएचओ सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, अंगात लोह कमी असेल तर अजूनच.

लहान मुलांच्या बाबतीत ही धूळ नाकापेक्षा तोंडातून जास्त जाते, म्हणजे उपायही तिथलाच. बाल्कनी कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं वेगळं ठेवा. चपला दाराबाहेर. खायच्या आधी आणि झोपायच्या आधी तिचे हात साबणाने धुवा, खेळणी पण. डॉक्टरांना हिमोग्लोबिनचं विचारा आणि मनात शंका राहिली तर रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घ्या. 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायचं. तेव्हा रस्त्याकडेच बोट दाखवू नका. काजळ-सुरमा, खिडकीचा जुना रंग, सुटी हळद हेही बघा. बांगलादेशात हळदीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) मिसळलेलं पकडलं गेलंय. मला तर घरातल्या या गोष्टींचीच जास्त काळजी वाटते.

प्रश्न: 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत नंबर वन, रात्री रस्ते झाडतात, मग ही धूळ येते कुठून? का उगाच शहराला नावं ठेवायची?
– राजेंद्र नगरचे एक काका

उत्तर: काका, अभिमान मलाही आहे, पण तो नंबर मुख्यतः कचरा उचलण्याचा. धातू चिकटतात ते सगळ्यात बारीक कणांना आणि साध्या झाडूने नेमके तेच हवेत उडतात, जाड तेवढं गोळा होतं. ओढून घेणारं मशीन बरं, तेही फिल्टर नीट असेल तर. पाण्याने रस्ता धुतला की धूळ दिसत नाही, पण ते सगळं नाल्यातून कान्ह नदीत आणि पुढे शिप्रेत जातं. आणि जे झाडतात त्यांना मास्क मिळतो का, हे कुणी विचारलंय?

प्रश्न: रोज स्कूटीवर विजय नगर ते पीथमपूर. स्कार्फ बांधते, चालेल का? ऑनलाइन 'हेवी मेटल डिटॉक्स' पावडर बघितली, घेऊ का?

उत्तर: स्कार्फने जाड धूळ अडते, बारीक नाही. नीट बसणारा एन-95 घाला. पावडर अजिबात नको. शिसं बाहेर काढायची औषधं असतात, पण ती रक्तातलं प्रमाण बरंच वाढलं असेल तरच आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. उलट बाजारातल्या काही आयुर्वेदिक औषधांतच शिसं सापडलेलं आहे, तेव्हा भस्मं वगैरे कुणी सांगितलं म्हणून सुरू करू नका.